स्लायडर खाली आल्यावर

पॅराशूट उघडलं. डोक्यावर कापड ताठ झालं, कानातला वारा बसला, पायांखाली अडीच-तीन हजार फूट उरले. आता हात मोकळे आहेत. या मोकळ्या हातांनी पहिलं काम कोणतं करायचं, यावर तळेऱ्यातल्या एका पडवीत मामा-भाचीची जी जुंपली, ती मी बाजूला बसून ऐकली. अगदी गप्प बसलो असंही नाही.

तळेरे मुंबई-गोवा महामार्गावर आहे. इथून एक रस्ता वैभववाडी, गगनबावड्यावरून कोल्हापूरला चढतो आणि दुसरा विजयदुर्गाकडे समुद्राला उतरतो. आकाशातून उड्या मारण्याशी या गावाचा काय संबंध, असं कुणीही विचारील. खाली मालवण-तारकर्लीला पर्यटक बोटीमागे दोर बांधून वर जातात, पण ते पॅरासेलिंग. तिथलं कापड बोटीवरच वाऱ्यानं फुगवतात आणि मग माणूस सोडतात, त्यामुळे या वादाचं मूळ असलेला तुकडा तिथे लागतच नाही. तळेऱ्याचा संबंध येतो तो पलटणीमुळे. मराठा लाइट इन्फन्ट्रीत माणूस पाठवलेलं घर या पट्ट्यात शोधत फिरावं लागत नाही. मामा त्यातून पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेले, २ पॅरात, म्हणजे मुळच्या ३ मराठामध्ये. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलला उतरून पुंगली पूल ताब्यात घेतला तो याच पलटणीनं, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शिरलेल्या पहिल्या भारतीय सैन्यातही हीच होती. मामा त्यानंतर भरती झालेले, त्यामुळे टांगाईलच्या गोष्टी ते स्वतःच्या म्हणून सांगत नाहीत. हा गुण मी अनेक निवृत्तांत शोधून पाहिला आहे. फार आढळत नाही.

भाची पुण्यात नोकरी करते. थायलंडला जाऊन स्कायडायव्हिंग शिकली. पंचवीस उड्यांशिवाय मिळत नाही तो ‘ए’ परवाना तिनं घेतला आणि आता एक वापरलेलं पॅराशूट विकत घेऊन मामांना दाखवायला आली होती. पॅराशूट तिनं माजघरात जाजमावर पसरलं. खळ्यात एवढी जागा असताना आत कशाला, असं मी विचारलं, तर मामांनीच उत्तर दिलं, “नायलॉन आसा. ऊन खाऊन कमजोर होता.” इथपर्यंत दोघांचं एकमत होतं.

मग मामांनी दोऱ्यांच्या मधे अडकलेला, जेमतेम दोन फुटांचा चौकोनी तुकडा उचलला. चार कोपऱ्यांना धातूच्या चार मोठ्या कड्या, आणि प्रत्येक कडीतून दोऱ्यांचा एक जुडगा गेलेला.

“एवढो तुकडो कशाक होयो?”

“हा स्लायडर, मामा. घडी घालताना हा वर, कापडाला टेकवून ठेवायचा. मी पडत असते ताशी १९० किलोमीटरच्या आसपास. त्या वेगात हे एकशे सत्तर चौरस फूट कापड एकदम पसरलं तर एक तर कापड फाटेल नाही तर माझी मान जाईल. हा तुकडा वाऱ्यानं वर दाबून धरला जातो आणि दोऱ्यांना पसरू देत नाही. कापडात हवा भरत जाते तशा दोऱ्या याला खाली ढकलतात. तीन-चार सेकंदांत हा सरकत डोक्यापर्यंत येतो आणि तेवढ्या वेळात वेग मरतो.”

“म्हणजे छत्रीची नळी उलटी. ती वर सरकली की छत्री उघडते, हा खाली सरकला की.”

मला ही उपमा इतकी आवडली की पुढे मी कुठेही वापरणार, हे मी तेव्हाच ठरवलं. डोमिना जॅल्बर्टनं १९६० च्या दशकात हवा भरून पंखासारखं उडणारं चौकोनी पॅराशूट काढलं. उडायला ते उत्तम होतं, पण उघडताना माणसाला असा हिसका द्यायचं की त्याचं काय करावं हे बराच काळ कुणाला सुचेना. नाना प्रयोग झाले आणि अखेर सत्तरच्या दशकात या चार कड्यांच्या चिंधीनं प्रश्न सोडवला. मामांच्या गोल पॅराशूटला तिची गरज नव्हती. विमानाला बांधलेली स्टॅटिक लाइन ते ओढून काढायची, आणि माणसाला ताशी १९० चा वेग घ्यायला सवडच मिळायची नाही.

खरा वाद पुढे सुरू झाला. स्लायडर खाली आला, त्याचं काम संपलं. आता तो डोक्यावर हातभर अंतरावर, रायझरच्या, म्हणजे दोऱ्यांना खांद्याशी जोडणाऱ्या पट्ट्यांच्या, टोकाशी फडफडत बसतो. त्याचं काय करायचं?

भाचीचं म्हणणं होतं की तो आवरायचा. त्याच्या कडेतून एक दोरी गेलेली असते, ती ओढली की तुकडा चुरगळून गोळा होतो. मग दोन्ही हातांनी तो रायझरवरून खाली ओढायचा आणि मानेमागे अडकवून ठेवायचा. फडफड थांबते, वाऱ्याचा अडथळा कमी होतो, वरचं कापड स्वच्छ दिसतं, रायझर एकमेकांपासून जरा दूर पसरतात आणि पॅराशूट थोडं सपाट होऊन लांब तरंगतं.

मामांचं म्हणणं दोन शब्दांचं होतं. “रवांदे थयंच.”

“का पण?”

“उघडल्यावर वर बघायचं, चहूकडे बघायचं, खाली बघायचं. आम्हाला आग्र्याला हेच शिकवलं. साडेबाराशे फुटांवरून उडी. एका विमानातून जवान एकामागून एक बाहेर. आकाशात गर्दी. एकाच्या छत्रीच्या बरोबर वर दुसरा आला की वरच्याची हवा जाते, त्याची छत्री मिटते. अशा वेळी कुणी वर बघून चिंध्या आवरत बसला असता तर त्याला उस्तादानं…” पुढचं वाक्य मामा हिंदीत बोलले. ते छापण्याजोगं नाही.

“तुमची गर्दी वेगळी, मामा. आम्ही विमानातून सुटताना दोन गटांत काही सेकंदांचं अंतर ठेवतो.”

“ठेवता ना? मग सगळे बरोबर ठेवतात?”

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, “नाही.”

इथे मी मधे पडलो आणि कागदावर हिशेब मांडला. तिच्यासारखं पॅराशूट पुढे जातं ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरनं. समोरून तसंच दुसरं आलं तर दोघांमधलं अंतर ताशी सत्तर-ऐंशीनं घटतं, म्हणजे सेकंदाला साधारण वीस मीटर. स्लायडर चुरगळून, खाली ओढून, मानेमागे बसवायला नवख्या माणसाला दहा सेकंद लागले असं धरा. त्या दहा सेकंदांत दोनशे मीटरवरचा माणूस अंगावर येतो. आणि त्या दहा सेकंदांत नजर कुठे असते? वर, स्वतःच्या दोन हातांत.

“माजा तेंच म्हणणा आसा,” मामा म्हणाले. “आधी डोळे, मगे हात.”

भाचीनं मान्य केलं, पण शरण आली नाही. तिच्या शिक्षणात क्रम आधीच ठरलेला होता: कापड चौकोनी आहे का, स्लायडर पूर्ण खाली आलाय का, दोऱ्यांना पीळ आहे का. मग मागचे रायझर हातात घेऊन आजूबाजूला कुणी आहे का ते पाहायचं, लागलं तर त्याच रायझरनं वळायचं. स्लायडर आवरणं त्यानंतर. “आणि मामा, स्लायडर अर्ध्यावर अडकला तर तो आवरायचा प्रश्नच नाही. तेव्हा ब्रेक दाबून, सोडून त्याला खाली आणायचं, आणि ठरलेल्या उंचीपर्यंत नाही आला तर पॅराशूट तोडून राखीव उघडायचं. माझ्या परवान्याला ती उंची अडीच हजार फूट आहे.”

आता मुद्दा आला ब्रेकचा, आणि खरी माहिती इथे आहे म्हणून मी जरा रेंगाळतो. पॅराशूट उघडतं तेव्हा ब्रेक अर्धे ओढलेल्या स्थितीत बांधलेले असतात आणि टॉगल, म्हणजे हातात धरायच्या मुठी, मागच्या रायझरला खोचलेल्या असतात. ब्रेक तसेच बांधलेले असताना पॅराशूट सावकाश आणि सरळ जातं. म्हणून बरेच जण म्हणतात की स्लायडर तेव्हाच आवरा. दुसरे म्हणतात, आधी टॉगल सोडा, दोन्ही बाजूंना वळून बघा, कमरेपर्यंत ओढून बघा, कारण उतरताना पॅराशूट थांबवणार आहे ते याच टॉगलनी. ते चालतात की नाही हे कळण्याआधी बाकीचं सगळं गौण.

भाची पहिल्या पक्षातली. मामांनी रायझर हातात घेतला, स्लायडरची मागची कडी त्यावरून खाली आणली आणि ती खोचलेल्या टॉगलला घासते कशी हे दाखवलं. एक टॉगल निसटला. फक्त एक.

“आता?”

“आता… एका बाजूचा ब्रेक सुटला, दुसऱ्या बाजूचा बांधलेला. पॅराशूट गरगर वळायला लागेल.”

“आणि तुझे दोन्ही हात स्लायडरमध्ये.”

ज्यानं ही उडी कधी मारली नाही अशा माणसाला ही कडी-टॉगलची भानगड पाच मिनिटांत दिसली, याचं मला नवल वाटलं. तिला मात्र वाटलं नाही. ती म्हणाली की हे तिला माहीत आहे, म्हणून ती हात टॉगलच्या वर ठेवून, दोन्ही बाजू समान ओढते, आणि एखादा ब्रेक सुटलाच तर स्लायडर सोडून दुसराही लगेच सोडते. टॉगल आधी सोडले तरी धोका संपत नाही हेही तिनं दाखवलं. मोकळ्या टॉगलची दोरी स्लायडरबरोबर खाली ओढली जाऊ शकते, टॉगल कडीत शिरू शकतो. या मुद्द्यावर मामा हरले असं माझं मत आहे. त्यांनी तसं कबूल केलं नाही, पण चहा मागवला.

चहाबरोबर मी माझा प्रश्न विचारला. या सगळ्या खटाटोपाचा तिला नेमका फायदा किती? शिकाऊ पॅराशूटला तर चुरगळता येणारा स्लायडर बहुधा नसतोच. तो फडफडत राहतो आणि शिकाऊ माणसं सुखरूप उतरतात. तिचं वजन साठ किलो, सामान धरून बहात्तर. एकशे सत्तर चौरस फुटांच्या कापडाला हे ओझं हलकंच. उघडल्यापासून जमिनीपर्यंत तीनेक मिनिटं. त्यात स्लायडर आवरून काय वाचतं?

“आवाज कमी होतो,” ती म्हणाली. आणि मग प्रामाणिकपणे, “या पॅराशूटला तरी मुख्यतः आवाजच. लहान, वेगवान पॅराशूटला फरक मोठा पडतो. स्पर्धेत उतरणारे तर स्लायडर काढूनच टाकतात, रायझरवरून सोडवून मांडीच्या खिशात कोंबतात. मला तिथपर्यंत जायचंय. म्हणून हाताला आत्तापासून सवय लावतेय.”

मामांनी कप खाली ठेवला. “सवय हीच तर भीती.”

“हे तुम्ही म्हणता? फौज सगळी सवयीवर चालते! दरवाज्यात उभं राहायचं, दिवा बदलला की जायचं, हजार एक, हजार दोन मोजायचं, वर बघायचं. विचार कुठे आहे त्यात?”

“विचार नाही. म्हणून तर ड्रिल आखूड ठेवतात. जे केलं नाही तर माणूस मरतो तेवढंच ड्रिलमध्ये घालायचं. तू त्यात आवाज कमी करण्याचं कलम घालत्येस. अंगवळणी पडलेला हात विचारत नाही, आज करू की नको. एखाद्या दिवशी कापडाला पीळ असेल, शेजारी दुसरा असेल, आणि तुझा हात आपला आपण त्या दोरीकडे जाईल.”

या वादातलं हे मला सर्वांत मोलाचं वाक्य वाटतं, आणि तरी मी ते जसंच्या तसं स्वीकारत नाही. कारण न केलेली गोष्टही अंगवळणी पडते. मोठ्या पॅराशूटवर कधीच स्लायडर न आवरलेला माणूस लहान, चपळ पॅराशूटवर गेला की त्याला हे काम पहिल्यांदा तिथे शिकावं लागतं, जिथे चूक महाग पडते. भाचीचं नेमकं हेच उत्तर होतं. मामांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, ते त्यांच्या कुटुंबालाही कळत नाही म्हणतात.

मग आला मानेमागचा पट्टा. बरेच जण स्लायडर मानेमागे राहावा म्हणून छोटा पट्टा लावतात. भाचीच्या या वापरलेल्या सामानाला आधीच्या मालकानं तसा एक जाड पट्टा शिवून घेतलेला होता. मामांनी तो दोन बोटांनी ओढून पाहिला. तो सहज सुटेना.

“पॅराशूट तोडायचं झालं तर काय करतेस?”

“उजव्या छातीवरची मूठ ओढायची. खांद्यावरच्या तीन-तीन कड्या सुटतात, रायझर निघून जातात. मग डाव्या हातानं राखीव.” ही तीन कड्यांची युक्ती बिल बूथची, १९७६ मधली. एका बोटाच्या जोरावर पूर्ण भरलेलं पॅराशूट माणसापासून सुटतं ते तिच्यामुळे.

“रायझर जातील. पण स्लायडर रायझरवर ओवलेला आणि तो तुझ्या मानेला बांधलेला. मग पॅराशूट जाईल कुठे?”

भाची म्हणाली की स्लायडर आवरून झाल्यावर पॅराशूट तोडायची वेळ सहसा येत नाही, कारण तोपर्यंत ते नीट उडतंय हे कळलेलं असतं. मामा म्हणाले, “दुसरा येऊन आदळला तर?” त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि नसणं योग्यच होतं. आदळून गुंतलेलं कापड मानेला लोंबकळत राहिलं आणि वर राखीव उघडलं, तर ते दोन्ही एकमेकांत गुरफटायची भीती खरी आहे.

तिनं शीतल महाजनांचा दाखला दिला. पुण्याच्या या बाईंनी १८ एप्रिल २००४ ला आयुष्यातली पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये पट्टायाला त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली. “सव्वाआठ मीटर कापड अंगावर घेऊन त्या उतरल्या, मामा. माझा तर दोन फुटांचा तुकडा.”

“त्यांची नऊवारी पॅराशूटला बांधलेली होती काय?” मामांनी विचारलं.

मला हसू आवरेना. पण मुद्दा पक्का होता: कापड किती हे महत्त्वाचं नसतं, ते कुठे बांधलंय आणि कशानं सुटतं हे महत्त्वाचं असतं. भाचीनं आतून कात्री आणली आणि पट्ट्याची शिवण उसवायला बसली. स्लायडर नुसता हेल्मेटच्या मागे सरकवून ठेवीन, म्हणाली, ओढ बसली तर आपोआप निघेल असा. मामींना कात्री कुठे गेली ते संध्याकाळपर्यंत सापडलं नाही, पण तो वेगळा वाद.

एक गोष्ट मामांना माहीत नव्हती आणि ती भाचीनं स्वतःहून सांगितली, म्हणून तिचं मला कौतुक वाटतं. वर चुरगळलेला स्लायडर खाली आल्यावर पुन्हा घडी घालण्याआधी पूर्ण मोकळा करावा लागतो. ती दोरी ओढलेलीच राहिली तर पुढच्या उडीत तुकडा पसरत नाही, वारा त्याला धरत नाही, तो झरकन खाली येतो आणि सगळा हिसका अंगावर बसतो.

“म्हणजे वर एक काम वाढवलंस आणि खाली एक,” मामा म्हणाले.

“हो. पण खालचं काम करायला वेळ असतो.”

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मामांनी पडवीच्या तुळईला दोन दोर टाकले आणि त्यांना रायझर बांधले. भाची हार्नेस घालून खाली लटकली. मामा समोर खुर्चीत. ती क्रम मोठ्यानं म्हणू लागली: कापड, स्लायडर, दोऱ्या, आजूबाजू. मग तिनं हात वर नेले, चुरगळायची दोरी ओढली, स्लायडर खाली आणायला सुरुवात केली.

“उजवीकडून एक!” मामा ओरडले.

तिचे हात स्लायडरवरच राहिले. फार नाही, एक-दीड सेकंद. पण सगळ्यांना दिसलं.

पुन्हा केलं. या वेळी मामा मुद्दाम गप्प राहिले आणि तिनं स्लायडर छान मागे बसवला. त्यानंतर एकदा डावीकडून, एकदा समोरून, एकदा “ब्रेक सुटलो!” हळूहळू तिचे हात आवाजाबरोबर सुटून मागच्या रायझरवर जाऊ लागले. मग तिनं तिथूनच लटकत विचारलं, “अर्धवट ओढलेला सोडून दिला, तर तो तसाच ठेवून उतरायचं की परत आवरायचा?”

“फूट किती उरलेत?”

“समजा दोन हजार.”

“मग टॉगल सोड. दोन्ही कमरेपर्यंत खेचून बघ. कडीत अडकत नाहीत ना?”

तिनं खेचून पाहिले. “नाही.”

“मगे फडफडू दे तेका.”

“आणि तीन हजार असतील तर?”

मामांनी थोडा विचार केला. “आधी चहूकडे बघ. कोण नसलो तर आवर.” आणि मग, बहुधा फार सवलत दिली असं वाटून, “पण पट्टो नको.”